दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1979 च्या दहावीच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि संगीत ही दोन्ही क्षेत्रं एकत्र कशी सांभाळली?’ विषय ऐकल्यावर आमच्याच तुकडीतला एक मित्र मला फोनवर म्हणाला, "अरे, दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तुझ्यासाठीच आहे." तो गमतीनं म्हणाला, पण प्रश्न गमतीचा नाही. आज या सभागृहात निदान आठ-दहा मुलं अशी असतील की ज्यांना गाणं येतं किंवा वाजवता येतं, गणितही बरं आहे, आणि घरात रोज तोच विषय निघतो. "आधी इंजिनिअर हो, मग काय ते गाणं-बिणं कर." त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी मी आज बोलणार आहे. बाकीच्यांनी जेवणाची वेळ होईपर्यंत मला सांभाळून घ्यावं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळा सुटल्यावर मी सांगलीतच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, 1985 मध्ये वीज मंडळात लागलो, तेवीस वर्षं उपकेंद्रांच्या देखभालीचं काम केलं. त्याच काळात मिरजेला गुरुजींकडे तबला शिकत होतो, साथ करत होतो. 2008 पासून नोकरी सोडून पूर्णवेळ मैफलींचं ध्वनिसंयोजन करतो. साध्या भाषेत, मी साउंडवाला आहे, आणि अजून तबलाही वाजवतो.

आता मुद्द्याकडे येतो. वीज आणि स्वर हे दोन वेगळे प्रांत आहेत असं आपण समजतो. पण गेल्या शंभर वर्षांत आपण जे संगीत ऐकलं, त्यातलं बहुतेक सगळं कुठल्या ना कुठल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या हातून आपल्या कानापर्यंत आलेलं आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा त्यांना एका भोंग्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागलं. त्या यंत्रात वीज नव्हती. आवाजाच्या जोरावरच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. 1925 पासून माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर लावून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि मग हळू आवाजातली हरकत, श्वास, तंबोऱ्याची आस हे सगळं तबकडीवर येऊ लागलं. गाण्याची पद्धतच त्यामुळे बदलली. ज्या संगीत नाटकांचा आपल्या सांगलीला अभिमान आहे, त्या नाटकांतल्या जुन्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. माइक आल्यावर कुजबुजीएवढ्या आवाजातही भाव पोचवता येऊ लागला. हा बदल एखाद्या गायकानं ठरवून केलेला नाही. तो प्रयोगशाळेतून आला.

ज्यांनी ही कामं केली त्यांतली काही नावं तुम्हाला सांगतो. रॉबर्ट मूग या अमेरिकन माणसानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकून पुढं कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. आईच्या आग्रहामुळे लहानपणी पियानो शिकला होता. 1964 मध्ये त्यानं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसून सिंथेसायझर तयार केला. ‘बरोबर बसून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कुठला खटका कुठं हवा, स्वर किती वेगानं उठावा आणि किती वेळात विरावा, हे वाजवणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरे मॅक्स मॅथ्यूज. हेही इलेक्ट्रिकल इंजिनिअर, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत नोकरीला. घरी व्हायोलिन वाजवायचे. 1957 मध्ये त्यांनी संगणकाकडून सूर काढून घेणारा प्रोग्रॅम लिहिला. आज तुमच्या मोबाइलमध्ये जे तानपुऱ्याचं नाहीतर तबल्याचं अ‍ॅप आहे, त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते.

तिसरे रे डॉल्बी. सिनेमागृहात हे नाव सगळ्यांनी वाचलेलं आहे. स्टॅनफर्डमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि केंब्रिजमधून भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट. हा माणूस 1963 ते 1965 अशी दोन वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, आणि इथून गेल्यावर 1965 मध्ये त्यानं लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली. टेपवर सतत येणारी ‘स्स्स’ अशी सरसर कमी करणं हे त्याचं पहिलं मोठं काम. कल्पना सोपी होती. मुद्रण करताना हळू आणि उंच स्वरांचा भाग मुद्दाम वाढवायचा, आणि ऐकताना तेवढाच कमी करायचा. म्हणजे मूळ संगीत जसंच्या तसं राहतं, आणि टेपनं आपल्या पदरची घातलेली सरसर मात्र खाली जाते. आपल्या संगीताला याचं महत्त्व फार, कारण तंबोऱ्याची झणकार नेमकी त्याच उंच भागात असते आणि सरसर तिलाच आधी खाते.

आणि चौथे आपल्या शेजारच्या राज्यातले. बेंगळुरूचे जी. राज नारायण, शिक्षणानं इंजिनिअर आणि कर्नाटक संगीतातले बासरीवादक. त्यांच्या ‘रॅडेल’ या कंपनीनं इलेक्ट्रॉनिक तानपुरा घराघरांत नेला. आज खेड्यातल्या मुलीला रियाजासाठी चार तारा लावून देणारं कुणी घरात नसलं, तरी खटका दाबला की सूर मिळतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या तंबोऱ्याची बरोबरी त्याला येत नाही, हे मीही मान्य करतो. जवारीवर दोरा सरकवून जो आवाज खुलतो तो खुलतोच. पण रियाज चुकण्यापेक्षा खटका परवडला.

या नावांवरून एक गोष्ट दिसते. यांतला कुणीही ‘अर्धा इंजिनिअर आणि अर्धा संगीतकार’ नव्हता. यंत्राचं ज्ञान पक्कं होतं, आणि कान तयार होता. दोन्ही एकाच डोक्यात असल्यामुळे त्यांना असा एक प्रश्न दिसला, जो नुसत्या इंजिनिअरला ऐकू येत नव्हता आणि नुसत्या गायकाला सोडवता येत नव्हता.

असा एक प्रश्न मी तुम्हाला माझ्या रोजच्या कामातला सांगतो. मैफलीत साउंड सुरू केला की कधीकधी ‘हूंऽऽ’ असा एक बारीक आवाज सतत येतो. आम्ही त्याला हमिंग म्हणतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित लांबतो आणि आखडतो, म्हणून उपकेंद्राजवळ उभं राहिलं की जो घूं आवाज येतो तो 100 हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधून गळणारं हमिंगही बहुधा 100 चंच.

आता हे 100 हर्ट्झ स्वरात कुठं बसतं पाहा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण 138.6 हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम 104 च्या आसपास. मंद्रातला तीव्र मध्यम 97.5 च्या आसपास. हमिंग या दोघांच्या बरोबर मधे. म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार पंचम म्हणते आहे, आणि स्पीकर त्याच्या शेजारी बसून उतरलेला पंचम म्हणतो आहे. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर आणखी वाईट. तिचा मंद्र षड्जच 104 चा, आणि हमिंग त्याच्याखाली 100 वर. तिला कुणीतरी सतत बेसूर षड्ज देत बसल्यासारखं होतं. श्रोत्यांना काहीही कळत नाही. गायिकेला मात्र तंबोरा लागल्यासारखा वाटत नाही, ती पुन्हापुन्हा खुंट्या पिळत राहते, आणि दोष येतो तंबोऱ्यावर. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथं हमिंग 120 वर. काळी एकवाल्याला ते शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे कुठंतरी टोचतं. देश बदलला की हमिंगचा स्वर बदलतो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विजेची मागणी जास्त आणि निर्मिती कमी, त्यामुळे फ्रिक्वेन्सी 48.5 पर्यंतसुद्धा उतरायची. हल्ली ती 49.90 ते 50.05 या पट्ट्यात ठेवायचा दंडक आहे. 48.5 म्हणजे 3 टक्के कमी. ज्या रेकॉर्ड प्लेयरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीनुसार फिरते, त्यावरचं गाणं तेवढंच सावकाश आणि तेवढंच खाली जातं. काळी आणि शेजारच्या पांढरीत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यानं. संध्याकाळी तबकडी लावून तबला जुळवायला बसलं की सकाळी जुळलेला तबला जुळायचा नाही. घरचे म्हणायचे हवा बदलली. मी नियंत्रणकक्षातला फ्रिक्वेन्सीचा काटा रोज बघत असल्यामुळे मला कारण माहीत होतं.

इथपर्यंत ही गंमत वाटली असेल. पुढचं गंमतीचं नाही, आणि आज मी इथं उभं राहायचं खरं कारण तेच आहे.

हमिंग येतं त्याचं एक मोठं कारण असं, की स्टेजवरची दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात आणि दोन ठिकाणी अर्थ होतात. त्या दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतो, आणि माइकच्या केबलच्या जाळीतून तो करंट फिरत राहतो. यावर एक ‘गावठी इलाज’ आपल्याकडे आणि जगभर चालतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची. हमिंग लगेच जातं! सगळे खूश, कानाला स्वच्छ ऐकू येतं. पण त्याच क्षणी त्या यंत्राचं धातूचं अंग अर्थिंगपासून तुटलेलं असतं. आत कधी इन्सुलेशन गेलं, तर 230 व्होल्ट सरळ त्या डब्यावर, आणि डब्याला जोडलेल्या केबलच्या जाळीतून माइकच्या धातूच्या जाळीवर. गायकाचा एक हात त्या माइकवर आणि दुसरा हात नीट अर्थ झालेल्या कीबोर्डच्या नाहीतर गिटारच्या धातूवर. मधे छाती.

स्कॉटलंडचा लेस हार्वी हा गिटारवादक, ‘स्टोन द क्रोज’ या बँडमधला. 1972 च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टेजवर त्यानं अर्थिंग नसलेल्या माइकला ओल्या हातानं हात लावला आणि तो तिथंच गेला. श्रोते समोर होते.

एका गावात, नाव सांगत नाही, उघड्या मंडपात कार्यक्रम होता. पावसाची भुरभुर होऊन गेली होती. मी तबल्याच्या साथीला होतो, साउंड दुसऱ्यांचा. गायिका म्हणाली, "माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात." साउंडवाल्या मुलानं सांगितलं, "ताई, फोमची टोपी लावतो, मग नाही येणार." मी पिशवीतून मीटर काढला. माइकची जाळी आणि मंडपाचा लोखंडी खांब यांच्यात 110 व्होल्टच्या आसपास दाखवत होता. पिन काढलेली होती. असं तरंगणारं 110 व्होल्ट बहुधा झिणझिण्यांवर भागतं, कारण त्यामागं करंट फार थोडा असतो. पण ती सूचना असते. आम्ही कार्यक्रम पाऊण तास थांबवला, सगळ्या यंत्रांना एकाच बोर्डावरून एकाच अर्थिंगची वीज दिली, आणि मग सुरू केला. हमिंगही गेलं. तो साउंडवाला मुलगा वाईट नव्हता. त्याचा कान चांगला होता, म्हणून तर त्याला हमिंग खुपलं. त्याला अर्थिंग म्हणजे काय हे कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मंडपाचं वायरिंग करणाऱ्या वायरमनला अर्थिंग माहीत होतं, पण हमिंग ऐकू येत नव्हतं. या दोघांच्या मधे ती गायिका उभी होती.

म्हणून मी म्हणतो, ही दोन ज्ञानं एका माणसात असणं ही हौस नाही, गरज आहे. आणि उपायही अवघड नाही. अर्थिंगला हात लावायचा नाही. हमिंग घालवायचं ते सिग्नलच्या बाजूनं. बॅलन्स्ड केबल वापरायची, जिच्यात दोन तारांतून सिग्नल उलटसुलट जातो आणि दोन्हींत सारखीच घुसलेली घाण वजाबाकीत उडते. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाकायचा. लाइटचे डिमर आणि साउंड यांना वेगवेगळ्या फेजवर ठेवायचं. आणि स्टेजच्या बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावायचा, म्हणजे कुणाच्या अंगातून करंट जाऊ लागला तर क्षणाच्या आत वीज तुटते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते तालाचं आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्टेजपासून 34 मीटर मागं बसलेल्या माणसाला स्टेजवरचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. हा उशीर किती? द्रुत तीनताल मिनिटाला 300 मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा सेकंदाच्या पाचव्या भागाची. म्हणजे तो माणूस अर्धी मात्रा मागं आहे. त्याच्याजवळ दुसरा स्पीकर लावला आणि त्याला उशीर दिला नाही, तर एका ‘धा’चे दोन ‘धा’ ऐकू येणार. सभागृहाची मागची भिंत 17 मीटरवर असेल तर तोच उशीर वादकाकडे परत येतो आणि तबलजी लय सांभाळता सांभाळता घायकुतीला येतो. लोक म्हणतात, "आज हात जमला नाही." हात जमलेला असतो, भिंत नडलेली असते. हे ज्याला मात्रा मोजता येते आणि मिलीसेकंदही मोजता येतात, त्यालाच दुरुस्त करता येतं.

शाळेतल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुम्ही पुढं विजेच्या मंडलात कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टन्स यांचं समीकरण शिकाल. डग्ग्याच्या कातड्याचं वजन, त्याचा ताण आणि त्यातलं घर्षण यांचं समीकरण लिहिलंत तर ते अगदी तेच निघतं. फक्त अक्षरं बदलतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं, की तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर तारवाद्यासारखे सुरेल गुणोत्तरात येतात. साध्या ढोलाचे येत नाहीत. म्हणून तबला षड्जात मिळवता येतो. शाई लावणाऱ्या कारागिरानं हे समीकरण कधी पाहिलं नव्हतं, त्यानं ते कानानं सोडवलं होतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. आज आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागात प्रा. प्रीती राव यांच्यासारखे अभ्यासक रागसंगीतातले सूर, लय, आवाज यांवर संशोधन करतात. म्हणजे हा रस्ता आता पायवाट राहिलेला नाही.

आता किमतीबद्दल बोलतो. सत्काराच्या भाषणात हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी रोज पहाटे दोन तास रियाज केला. परीक्षा असो, काही असो. चार वर्षांचे झाले साधारण 2900 तास. माझ्याच गुरुजींकडे माझ्याच वयाचा एक गुरुबंधू होता, त्यानं कॉलेज केलं नाही, तो रोज सहा तास बसायचा. त्याचे झाले 8700. अठरा ते बावीस हे हात तयार व्हायचं वय. तो फरक पुढं भरून निघत नाही, निघाला नाही. तो आज एकल वादन करतो आणि मी अभिमानानं त्याचा साउंड करतो. मी चांगला साथीदार झालो, एकल वादक झालो नाही. याचं मला दुःख नाही, कारण हिशेब मला तेव्हाही दिसत होता. पण तुम्ही तो हिशेब बघूनच निर्णय घ्यावा.

नोकरीतही तसंच. शिफ्ट ड्यूटीमुळे कधी सकाळ मोकळी मिळायची, कधी दुपार, आणि त्या वेळा मी तबल्याला दिल्या. पण ड्यूटीवर असताना मी कधी बोल म्हणत बसलो नाही. 220 केव्हीच्या यार्डात लक्ष दुसरीकडे असलेला माणूस स्वतः मरतो आणि दुसऱ्याला मारतो. साथीचं मानधन पहिली काही वर्षं पेट्रोलला पुरायचं. घर पगारावर चाललं, आणि रविवारचे कार्यक्रम सांभाळून घेणाऱ्या माझ्या बायकोवर चाललं. ती इथं आहे, म्हणून नाही सांगत. ती नसती तरी सांगितलं असतं. दोन क्षेत्रं एकत्र करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागं तिसरं कुणीतरी घर सांभाळत असतं.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. "आधी इंजिनिअरिंग, मग गाणं" हे वाक्य बोलताना त्यातल्या ‘मग’ कडे नीट बघा. गाणं कुठंतरी ठेवून द्यायचं आणि पाच वर्षांनी काढून पुन्हा सुरू करायचं, असं होत नाही. शंकर महादेवन यांनी इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली. ही उदाहरणं आपण मुलांना देतो. पण या दोघांचं संगीताचं शिक्षण लहानपणापासून चालू होतं, पदवीनंतर सुरू झालेलं नव्हतं, हे सांगायला विसरतो. मुलगा कॉलेजात असताना त्याचे पहाटेचे दोन तास तुम्ही सांभाळलेत, तर ‘मग’ला काही अर्थ राहील. ते दोन तास क्लासला दिलेत, तर सरळ सांगा की गाणं सोड. खोटी आशा दाखवू नका.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी ज्याला मैफल गाजवायचीच आहे, दुसरं काही सुचतच नाही, त्यानं इंजिनिअरिंग हा ‘आधार’ म्हणून घेऊ नये. चार वर्षं आणि आई-वडिलांचे पैसे, दोन्ही मोठी रक्कम आहे. पण ज्याला आवाज ऐकला की तो कसा तयार झाला हा प्रश्न पडतो, रेडिओ उघडून बघावासा वाटतो आणि सूर चुकला की पोटात दुखतं, त्याच्यासाठी कामाला तोटा नाही. वाद्यं बनवणं, ध्वनिमुद्रण, सभागृहांची ध्वनिरचना, मैफलीचा साउंड, संशोधन, कितीतरी. या कामांत चांगली माणसं अजून कमी आहेत.

माझ्या मित्राच्या म्हणीचं उत्तर द्यायचं राहिलं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, हे खरं आहे. पाहुण्याला दोन्ही घरांत असं वाटतं, की तो जेवून आला असेल. त्यामुळे पाहुणा म्हणून जाऊ नका. दोन्ही घरांत पाणी भरा, लाकडं फोडा, वाढायला उभे राहा. घरचा माणूस उपाशी राहत नाही. फक्त त्याला झोप कमी मिळते.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. आपल्या तुकड्यांनी मिळून शाळेला भेट द्यायची आहे, आणि नवीन मोठे स्पीकर द्यावेत अशी चर्चा चालू आहे. माझी सूचना अशी, की स्पीकर पुढच्या वर्षी. या वर्षी या सभागृहाचं अर्थिंग नव्यानं तपासून घेऊ, स्टेजसाठी वेगळा बोर्ड आणि त्यावर आरसीसीबी बसवू. मजुरी माझी फुकट, सामान तुमचं. आणि दर शनिवारी दोन तास मी इथं येईन. ज्या मुलांना माइक, केबल, मिक्सर आणि मीटर हातात धरून शिकायचं आहे त्यांनी यावं. एकच अट. येताना सूर लावता आला पाहिजे, निदान टाळीनं ताल धरता आला पाहिजे. नाही आला, तर गायनाच्या बाईंकडे जाऊन आधी तो शिकून या. मी थांबेन.